आतड्याचा कर्करोग, बायोसेन्सर आणि विटाळ

माझे मामा ट्रक चालवायचे. नागपूर-रायपूर, नागपूर-हैदराबाद अशा फेऱ्या. सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांना शौचातून रक्त पडायला लागलं. घरात कुणालाच नवल वाटलं नाही. "ड्रायव्हरकी करणाऱ्याला मूळव्याध होणारच," असं मामीपासून ढाब्यावरच्या पोऱ्यापर्यंत सगळे म्हणाले. चौकात 'मूळव्याध, भगंदर, फिशर, बिना ऑपरेशन इलाज' असा बोर्ड लावलेला दवाखाना होताच. मामा तिथे गेले. पुड्या मिळाल्या, मलम मिळालं, तिखट बंद झालं. रक्त थोडे दिवस थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मग दुसरा दवाखाना, मग तिसरा, मग चौथा. एका डॉक्टरने तर टेबलाच्या पलीकडूनच विचारलं, "आग होते का?" आणि चिठ्ठी लिहून दिली.

असे तेरा महिने गेले. वजन अकरा किलोने उतरलं तेव्हा कुणीतरी मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिथल्या एका तरुण डॉक्टर ताईंनी मामांना कुशीवर झोपवलं, हातमोजा घातला आणि बोटाने तपासलं. अर्ध्या मिनिटात त्यांचा चेहरा बदलला. गाठ बोटाला लागत होती. मग दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा काढून तपासायला पाठवला, रिपोर्ट आला. गुदाशयाचा कर्करोग, तिसरी स्टेज. लाइट दिले, केमोच्या गोळ्या दिल्या, ऑपरेशन करून पोटावर पिशवी लावली. अडीच वर्षांनी मामा गेले.

तेरा महिने, चार डॉक्टर, आणि एकानेही हात लावून पाहिलं नाही. हे मी पुन्हा सांगतोय, कारण पुढचा सगळा लेख यावर उभा आहे.

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या एका मुलीने विषय मांडला: आतड्याच्या कर्करोगाच्या ऊतींमधले एन्झाइम ओळखणारे बायोसेन्सर. तिने तासभर छान समजावून सांगितलं. शेवटी मागे बसलेला एक जुना कार्यकर्ता उठून म्हणाला, "ताई, विषय चांगला आहे. पण आपल्या चळवळीचा याच्याशी काय संबंध?" मुलगी गप्प झाली. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हा लेख लिहितोय. माझं उत्तर असं आहे की संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. हा सेन्सर आणि रुग्णाची ऊती यांच्यामध्ये जे उभं आहे, त्याला आपल्या भाषेत शब्द आहे: विटाळ.

आधी विज्ञान समजून घेऊ

मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग हा जगातला तिसऱ्या क्रमांकाचा कर्करोग. २०२२ साली जगभरात सुमारे १९ लाख लोकांना तो झाला आणि ९ लाखांहून जास्त माणसं त्याने मेली. लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप जास्त, उशीर झाला तर फार कमी. म्हणून सगळी धडपड लवकर ओळखण्याची आहे.

एन्झाइम म्हणजे शरीरातली काम करणारी प्रथिनं. शाळेच्या पुस्तकात त्यांना विकर म्हटलंय. अन्न पचवण्यापासून जखम भरण्यापर्यंत प्रत्येक कामाला एन्झाइम लागतात. त्यातला एक गट आहे मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, थोडक्यात एमएमपी. आपल्या पेशींच्या भोवती कोलॅजनसारख्या प्रथिनांची जाळी असते. ती जाळी कापणं हे या एन्झाइमचं काम. जखम भरताना जुनी जाळी कापून नवी विणावी लागते, तेव्हा त्यांची गरज असतेच. कर्करोगाच्या गाठीत मात्र हीच कात्री बेबंद चालते. आतड्याच्या गाठींमध्ये एमएमपी-७ आणि एमएमपी-९ वाढलेले आढळतात. भोवतीची जाळी कापली गेली की गाठीला आतड्याच्या भिंतीत खोल शिरता येतं, आणि पुढे रक्तवाहिन्यांची वाट सापडते. म्हणून या एन्झाइमना 'मार्कर', म्हणजे रोगाची खूण, मानून संशोधन चाललंय.

आता यातली गोम पाहा. लॅबमध्ये ऊतीच्या तुकड्यावर रंग टाकून एन्झाइम किती आहे हे पाहता येतं. पण एमएमपी शरीरात तयार होतात ते निष्क्रिय रूपात. नंतर ते चालू होतात, आणि त्यांना अडवणारी दुसरी प्रथिनंही असतात. म्हणजे एन्झाइम हजर आहे, एवढ्यावरून तो काम करतोय असं म्हणता येत नाही. नगरपालिकेच्या मस्टरवर दहा नावं असतात आणि रस्त्यावर झाडू मारताना चारच माणसं दिसतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मस्टर पाहून काम कळत नाही, रस्ता पाहावा लागतो. एन्झाइमचं बायोसेन्सर हे रस्ता पाहण्याचं काम करतं. एन्झाइम किती आहे यापेक्षा तो किती कापतोय, हे मोजतं.

कसं? तुमच्या घरात किंवा शेजारी शुगर तपासायचं मशीन असेल. तोही बायोसेन्सरच. लेलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६२ साली ही कल्पना मांडली. पट्टीवर एक एन्झाइम बसवलेला असतो, तो रक्तातल्या साखरेशी प्रक्रिया करतो, त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि मशीन त्याचा आकडा दाखवतं. तिथे एन्झाइम हे हत्यार आहे, शोध साखरेचा आहे. कर्करोगाच्या सेन्सरमध्ये उलट करावं लागतं, कारण शोधच एन्झाइमचा आहे. म्हणून सोन्याच्या बारीक इलेक्ट्रोडवर त्या एन्झाइमला कापता येईल असा प्रथिनाचा छोटा धागा बांधतात. धाग्याच्या टोकाला विजेचा संकेत देणारा रेणू लावतात. ऊतीच्या अर्कात एमएमपी जागा असेल तर तो धागा कापतो, टोकाचा रेणू निसटतो आणि प्रवाह घटतो. जेवढी कापाकापी जास्त, तेवढी घट जास्त. गाठीचा तुकडा आणि त्याच रुग्णाच्या निरोगी भागाचा तुकडा शेजारी ठेवून फरक पाहता येतो.

यापुढचं पाऊल अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये टाकलं गेलं. संगीता भाटिया या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ तिथे आहेत. त्यांच्या गटाने असे धागे अतिसूक्ष्म कणांवर बांधून आतड्याच्या कर्करोगाची गाठ असलेल्या उंदरांच्या शरीरात सोडले. गाठीतल्या एमएमपी-९ ने धागे कापले, तुकडे मूत्रातून बाहेर आले, आणि गरोदरपणा तपासायच्या पट्टीसारख्या कागदी पट्टीवर रेघ उमटली. २०१४ साली हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जिथे दुर्बीण नाही, लॅब नाही, तिथे कर्करोग ओळखता यावा, हाच त्यामागचा हेतू सांगितला गेला होता.

आता अतिशयोक्ती नको. हे उंदरांवरचं काम आहे. एवढी वर्षं झाली, तरी आतड्याच्या कर्करोगासाठी तशी पट्टी मेडिकल स्टोअरमध्ये मिळत नाही. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हीच आजही खात्रीची तपासणी आहे. बायोसेन्सर तिची जागा घेणार नाही. कुणाला दुर्बिणीसाठी लगेच पाठवायचं, कुणाची गाठ जास्त आक्रमक आहे, हे ठरवायला त्याची मदत होईल. पण तो आला की आपल्यापर्यंत आपोआप पोहोचेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचं वाचावं.

विटाळ दवाखान्यातला

गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ बोटाला लागू शकते. त्यासाठी नॅनो कण लागत नाहीत, वीज लागत नाही. एक हातमोजा, थोडी जेली आणि दोन मिनिटं लागतात. शौचातून रक्त पडतंय असं सांगणाऱ्या रुग्णाची ही तपासणी करावी, हे वैद्यकीय शिक्षणात पहिल्यापासून शिकवलं जातं. तरी मामांना तेरा महिन्यांत ती मिळाली नाही.

का नाही मिळाली? जात पाहून त्यांना हात लावला नाही, असं मी म्हणणार नाही. मला ते सिद्ध करता येणार नाही, आणि जे सिद्ध करता येत नाही ते लिहू नये. गर्दी असेल, घाई असेल, पुड्या विकण्यात फायदा असेल. पण दोन गोष्टी मला माहीत आहेत. २००६ साली 'अनटचेबिलिटी इन रूरल इंडिया' हा अभ्यास पुस्तकरूपात आला. अकरा राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी होती ती. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरात जायला नकार देत होते. म्हणजे हात न लावणारी आरोग्यसेवा ही कल्पना नाही, तिची नोंद आहे. दुसरी गोष्ट अशी की शौच, मैला, गुदद्वार या शब्दांशी आपल्या समाजाचं नातं साधं नाही. ज्या समाजाने मैला शतकानुशतकं काही जातींच्या डोक्यावर दिला, ज्याला ही प्रथा बंद करायला २०१३ साली पुन्हा एकदा कायदा करावा लागला आणि जो आजही माणसं गटारात उतरवतो, त्या समाजात मैल्याची तपासणी हा प्रतिष्ठेचा विषय कसा होईल? हृदयाच्या तपासणीचे बोर्ड रस्तोरस्ती दिसतात. आतड्याच्या तपासणीचा बोर्ड तुम्ही किती पाहिलेत?

दुसरीकडे काय झालं ते पाहा. शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त ओळखणारी तपासणी जुनी आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये हजारो लोकांवर दीर्घकाळ अभ्यास झाला आणि १९९३ साली निष्कर्ष आला: दरवर्षी ही तपासणी करणाऱ्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले. त्या वेळची पद्धत हिमोग्लोबिनच्या एन्झाइमसारख्या वागण्यावर चालायची. त्यामुळे आदल्या दिवशी मटण खाल्लं तरी ती फसू शकायची. आजची तपासणी फक्त माणसाचंच रक्त ओळखते. तिला 'फिट' म्हणतात. इंग्लंडमध्ये पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी तिचं किट सरकार टपालाने घरी पाठवतं. माणूस स्वतःच नमुना घेतो आणि परत टपालात टाकतो.

आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा, अशा तीन कर्करोगांची तपासणी आहे. आतड्याचा त्यात नाही. याला सरकारकडे एक कारण आहे आणि ते प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. भारतात या कर्करोगाचं लाखामागचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी आहे. सरसकट सगळ्यांची तपासणी केली तर खोट्या धोक्याच्या घंटा जास्त वाजतील आणि त्या सगळ्यांसाठी दुर्बिणी पुरणार नाहीत. म्हणून सरसकट तपासणीची मागणी मी करत नाही. माझी मागणी त्याहून साधी आहे. ज्याला त्रास सुरू झालाय, त्याला पुडी देण्याआधी तपासा. उपचारासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, ती चांगलीच आहे. पण तिचा आधार बहुतेकांना मिळतो तो रोगाचं नाव कागदावर आल्यावर. नाव कागदावर येईपर्यंतचे तेरा महिने कोणत्या योजनेत बसतात?

उद्या एन्झाइम ओळखणारी पट्टी आली तरी तिला नमुना लागणारच. नमुना घ्यायला कुणीतरी रुग्णाजवळ यावं लागणारच. जिथे बोट पोहोचलं नाही तिथे पट्टी पोहोचेल, यावर माझा विश्वास नाही.

विटाळ प्रयोगशाळेतला

सेन्सर आकडा देतं. पण कोणत्या आकड्याच्या वर रोग म्हणायचा, ही रेघ माणसं आखतात. ती रेघ कुणाच्या ऊती पाहून आखली, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

एमएमपी-९ फक्त कर्करोगात वाढत नाही. आतड्याला सूज आली, जंतुसंसर्ग झाला तरी वाढतो. एम२-पीके नावाच्या दुसऱ्या एका एन्झाइमची शौचातून तपासणी युरोपात बाजारात आली, तिलाही हीच अडचण: आतड्याची सूज असली तरी आकडा चढतो. आता विचार करा. ज्या वस्तीत नळाच्या पाण्यात गटार मिसळतं, जिथे जुलाब-आव हे वर्षभराचे पाहुणे आहेत, जिथे आतड्याचा टीबी अजून होतो, तिथल्या माणसाच्या आतड्यातले एन्झाइम आणि स्वच्छ पाणी पिणाऱ्या शहरी माणसाचे एन्झाइम सारखेच बोलतील का? सेन्सरची रेघ फक्त दुसऱ्याच्या ऊतींवर आखली, तर आपल्या वस्तीत एकतर तो सारखा खोटा वाजेल, किंवा खोटा वाजतो म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष देणार नाही आणि खरा रोगीही सुटेल.

ही नुसती शंका नाही. बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र करोनाच्या काळात घरोघरी आलं. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिलं की काळ्या रुग्णांमध्ये ऑक्सिजन घसरलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवला, असं गोऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा घडलं. यंत्र द्वेष करत नव्हतं. ते बनवणाऱ्यांनी काळी कातडी पुरेशी पाहिली नव्हती.

आतड्याच्या कर्करोगाच्या बाबतीतही असं उदाहरण आहे, आणि तिथेही मामला एन्झाइमचाच आहे. मामांना केमोच्या गोळ्या सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तोंड पूर्ण आलं, जुलाब थांबेनात. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, नंतर मात्रा कमी करून दिल्या. आम्हाला वाटलं, केमो म्हणजे असंच. बहुतेक वेळा असतंही तसंच, आणि मामांचं नेमकं कारण काय होतं ते मला ठाऊक नाही. पण नंतर वाचताना कळलं की या गोळ्या शरीरात जाऊन ५-एफयू नावाचं औषध बनतात, आणि त्या औषधाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग डीपीडी नावाचा एक एन्झाइम निकामी करतो. ज्याच्या शरीरात हा एन्झाइम मंद, त्याच्या अंगात औषध साचतं आणि नेहमीची मात्राही विषासारखी लागू शकते. २०२० साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने सांगितलं की हे औषध देण्याआधी डीपीडी तपासा.

तपासायचं कसं? एक मार्ग जनुकांचा. युरोपात त्यासाठी डीपीडीच्या जनुकातल्या चार बदलांची यादी वापरतात. ही यादी मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये सापडलेल्या बदलांची आहे. आफ्रिकी वंशाच्या लोकांत दुसराच एक बदल जास्त आढळतो, तो त्या चारांत नाही. भारतीयांमध्येही त्या चारांपैकी काही बदल विरळ आहेत. म्हणजे यादीत तुमचं नाव नाही म्हणून तुम्ही सुरक्षित, असं म्हणता येत नाही. दुसरा मार्ग एन्झाइमचं काम मोजण्याचा. डीपीडी मंद असेल तर रक्तात युरासिल नावाचा पदार्थ साचतो, तो मोजायचा. फ्रान्सने हा मार्ग धरला. इथे तुमचा वंश कोणता, हे विचारायची गरज पडत नाही. काम होतंय की नाही, एवढंच पाहिलं जातं.

मला एन्झाइमचं काम मोजणाऱ्या सेन्सरबद्दल आस्था आहे ती याच कारणाने. वंशावळ पाहण्यापेक्षा प्रत्यक्ष काम पाहणारी तपासणी आपल्या बाजूची आहे. पण तिचीही रेघ आखायला आपल्या लोकांच्या ऊती, आपल्या लोकांचे आकडे लागतील.

इथे एक सावधगिरी. नमुना देणं म्हणजे शरीर हवाली करणं नव्हे. १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या काळ्या स्त्रीच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता संशोधनासाठी घेतल्या गेल्या. त्या पेशींवर जगभर संशोधन झालं, कंपन्यांनी पैसा केला, आणि तिच्या घरच्यांना कित्येक वर्षं काही कळलंही नाही. म्हणून आपली मागणी दुहेरी हवी. आमच्या लोकांना संशोधनातून वगळू नका, आणि त्यांना समजेल अशा भाषेत विचारल्याशिवाय घेऊही नका.

विटाळ आपल्या मनातला

आता जरा स्वतःकडे पाहू. मामांनी रक्ताची गोष्ट पहिले तीन महिने मामीलाही सांगितली नव्हती. लाज वाटत होती. आपल्या वस्तीत बायका तर नवऱ्याला, मुलांना, कुणालाच सांगत नाहीत. पाळीचं असेल, उष्णतेचं असेल, म्हणून अंगावर काढतात. इंग्लंडमध्येसुद्धा, जिथे किट फुकट घरी येतं, तिथे दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत ते परत पाठवण्याचं प्रमाण कमी असल्याचं अभ्यासांत दिसलंय. भाषा, माहिती अशी कारणं आहेतच. पण स्वतःच्या मैल्याची किळस हेही एक कारण आहे. समुद्र ओलांडला तरी विटाळ सुटत नाही.

ज्यांनी विटाळ मानला त्यांच्याविरुद्ध आपण पिढ्यान् पिढ्या लढलो. मग तोच विटाळ आपल्याच शरीराबद्दल आपण का पाळतो? १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी प्लेग झालेल्या अस्पृश्य मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला आणि त्याच साथीत त्यांचा मृत्यू झाला. आपण तो प्रसंग जयंतीला सांगतो. त्यातला स्पर्श मात्र विसरतो.

आणि वयाचा भ्रमही काढून टाका. "हा म्हाताऱ्यांचा रोग" असं अनेक डॉक्टरही म्हणतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीच्या आत होतं. हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या आईवडिलांचं, मोठ्या भावाचं हे वय आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप त्या जुन्या कार्यकर्त्याचा. अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती हे प्रश्न पेटलेले असताना एन्झाइमवर का बोलायचं? मला त्यांचा राग येत नाही, त्यांनी आयुष्य चळवळीला दिलंय. पण त्यांना मी बाबासाहेबांच्या १९४२ सालच्या निवेदनाची आठवण करून देईन. व्हाइसरॉयला सादर केलेल्या त्या निवेदनात बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या शिक्षणाकरिता वर्षाला २ लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठी आणखी १ लाख मागितले. कला आणि कायद्याच्या पदवीने आपल्या समाजाचं फार भलं होणार नाही, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या वरच्या शिक्षणाने होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे सांगतोय. प्रयोगशाळा हे सत्तेचं ठिकाण आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

आणि त्या ठिकाणाचं दार आजही किती उघडं आहे? दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीवर थोरात समितीने २००७ साली जो अहवाल दिला, तो वाचा. बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावं लागलं, ते आठवा. सेन्सरची रेघ आखणाऱ्या टेबलावर आपलं माणूस नसण्याचं कारण आपल्यात बुद्धी कमी आहे, हे नाही. फेलोशिप वेळेवर मिळाली नाही तर संशोधक खोलीचं भाडं कुठून भरणार? शिष्यवृत्तीचा लढा आणि एन्झाइमचा सेन्सर हे दोन वेगळे विषय नाहीत.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. "विज्ञानात जात आणू नका, विज्ञान तटस्थ असतं." एन्झाइम तटस्थ असतो, हे मान्य. तो धागा कापतो तेव्हा माणसाचं आडनाव विचारत नाही. पण कोणत्या रोगावर पैसा लावायचा, नमुने कुठून गोळा करायचे, यंत्र कोणत्या गावात ठेवायचं, हे एन्झाइम ठरवत नाही. ते माणसं ठरवतात, आणि माणसं समाजातून येतात. ऑक्सिजनच्या यंत्राचं उदाहरण ज्यांना पटलं, त्यांना हेही पटायला हवं.

मग करायचं काय?

पहिलं, लक्षणं पाठ करा आणि वस्तीत सांगा. शौचातून रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, कारण नसताना वजन घटणं, रक्त कमी होऊन येणारा थकवा. यातलं काही असेल तर ते मूळव्याधच आहे असं धरून चालू नका. बहुतेक वेळा मूळव्याधच निघेल. पण ते तपासल्यावर ठरू द्या.

दुसरं, डॉक्टरांना स्पष्ट म्हणा, "आधी तपासून पाहा." बोटाने तपासणी, गरज असेल तर फिट, गरज असेल तर दुर्बीण. टाळाटाळ झाली तर सरकारी दवाखान्यात जा, सोबत कार्यकर्ता न्या. रेशनकार्डासाठी तहसीलमध्ये सोबत जातो ना, तसंच.

तिसरं, प्राथमिक आरोग्य केंद्रात त्रास असलेल्या रुग्णांसाठी फिट तपासणी आणि जिल्हा रुग्णालयात दुर्बिणीची सोय व्हावी म्हणून निवेदनं द्या. प्रश्नांची यादी करून माहितीच्या अधिकारात विचारा: आपल्या जिल्हा रुग्णालयात कोलोनोस्कोपीचं यंत्र आहे का, चालू आहे का, गेल्या वर्षी किती तपासण्या झाल्या?

चौथं, बारावी सायन्सची जी मुलं-मुली आपल्या अभ्यासिकांमध्ये बसतात, त्यांना फक्त एमपीएससीचा रस्ता दाखवू नका. जैवतंत्रज्ञान, रसायनशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स या तिन्ही वाटा बायोसेन्सरपर्यंत जातात.

त्या दिवशी गप्प झालेल्या मुलीला मी नंतर भेटलो. तिला मामांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "दादा, मग मी पुढच्या वेळी सुरुवात सेन्सरने करत नाही, हातमोज्याने करते." येत्या रविवारी आमच्या विहारात तिचं दुसरं व्याख्यान आहे. जुन्या कार्यकर्त्यांना मी स्वतः जाऊन आमंत्रण दिलंय. त्यांचं वय ६१ आहे, आणि दोन महिन्यांपासून ते मूळव्याधीच्या पुड्या घेताहेत, हे मला त्या दिवशी कळलं. सोमवारी मी त्यांना सोबत घेऊन दवाखान्यात जाणार आहे.